उमेदवाराचे पूर्वायुष्य आणि मतदार

निवडणुकीचा हंगाम आला की एक वाद आपल्याकडे हटकून निघतो. कोणा उमेदवाराचे दहा-वीस वर्षांपूर्वीचे एखादे कृत्य, जे त्याने आजवर झाकून ठेवलेले असते, ते अचानक चव्हाट्यावर येते. मग एक पक्ष म्हणतो, ‘झाले गेले गंगेला मिळाले, माणूस आज कसा आहे ते पाहावे.’ दुसरा पक्ष म्हणतो, ‘ज्याने एवढे लपविले, तो खुर्चीवर बसल्यावर काय काय लपवील?’ गंमत अशी की, पुढच्या निवडणुकीत आरोपी दुसऱ्या बाजूचा निघाला म्हणजे हेच दोन्ही पक्ष आपापली वाक्ये एकमेकांस देऊन टाकतात. त्यामुळे वाद वर्षानुवर्षे चालतो. निर्णय मात्र होत नाही.

व्याख्यानपीठ हे प्रचारपीठ नव्हे. म्हणून हा प्रश्न आपल्या रागलोभांपासून दूर नेऊन तपासावा असे आम्ही योजिले आहे. त्यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील १८८४ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीइतके सोयीचे उदाहरण आम्हांस दुसरे दिसत नाही. त्या निवडणुकीत दोन्ही प्रमुख उमेदवारांच्या मागे काही ना काही लपलेले होते. एकाचे होते ते खासगी आयुष्यातले, दुसऱ्याचे सार्वजनिक अधिकारातले. एकाने ते उघड होताच काही अंशी कबूल केले, दुसऱ्याने शेवटपर्यंत झाकले. मतदारांना दोघांतून एक निवडणे भाग होते. आणि निकाल लागला तो एका राज्यातल्या हजार-अकराशे मतांवर.

प्रथम काळ ध्यानात घेतला पाहिजे. १८६० पासून अध्यक्षपदाची प्रत्येक निवडणूक रिपब्लिकन पक्षाने जिंकली होती. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि त्यानंतर देशभर रेल्वेचे जाळे पसरू लागले. रेल्वे कंपन्यांना सरकारकडून लाखो एकर जमिनी मिळत. त्या मिळवून देणारे, टिकवून देणारे आणि त्यांवर रोखे काढून विकणारे लोक विधिमंडळांच्या अवतीभवती, कधी कधी आतही, वावरत असत. सरकारी नोकऱ्या पक्षकार्याचे बक्षीस म्हणून वाटल्या जात. १८८१ साली अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडणारा मनुष्य हा नोकरी न मिळाल्याने चिडलेला एक इच्छुक होता. त्या धक्क्याने १८८३ मध्ये सनदी नोकऱ्यांच्या सुधारणेचा कायदा झाला. सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक पद यांचा शुचिर्भूत वापर हा त्या पिढीचा खरा प्रश्न होता.

रिपब्लिकन पक्षाने उभे केले ते जेम्स जी. ब्लेन यांना. मेन राज्यातले हे पुढारी मोठे वक्ते होते. माणसांची नावे लक्षात ठेवण्यात आणि मने जिंकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. १८६९ ते १८७५ या काळात ते प्रतिनिधिगृहाचे सभापती होते. सभापती झाल्यावर पहिल्याच वर्षी लिटल रॉक व फोर्ट स्मिथ या रेल्वेच्या जमिनीसंबंधीचे एक विधेयक अडचणीत आले असता त्यांनी आसनावरून अशी युक्ती सुचविली की ते तरून गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच रेल्वेचे रोखे विकण्याचे काम भरघोस दलालीवर त्यांच्याकडे आले. पुढे रेल्वे बुडीत गेली, रोखे कवडीमोल झाले. तेव्हा त्यांतले काही रोखे दुसऱ्या एका बड्या रेल्वे कंपनीने अवाच्या सवा रकमेला त्यांच्याकडून घेतले, अशी कुजबूज १८७६ मध्ये सुरू झाली.

चौकशी नेमली गेली. ज्या बॉस्टनच्या व्यापाऱ्याशी ब्लेन यांचा हा व्यवहार झाला होता त्याचा जुना हिशेबनीस मलिगन हा ब्लेन यांच्या पत्रांचे पुडके घेऊन वॉशिंग्टनला आला. ब्लेन हॉटेलात जाऊन त्याला भेटले, पाहण्यासाठी म्हणून पत्रे मागून घेतली आणि परत केली नाहीत. ५ जून १८७६ रोजी ती पत्रे हाती धरून ते सभागृहात उभे राहिले आणि आपल्याला सोयीच्या क्रमाने, मध्ये मध्ये भाष्य करीत, त्यांनी ती वाचली. सज्जे टाळ्यांनी दुमदुमले. काही दिवसांनी ते चर्चच्या पायरीवर मूर्च्छित पडले, मग सेनेटमध्ये गेले, आणि चौकशी तशीच विरून गेली. निर्दोष ठरले असे नाही आणि दोषी ठरले असेही नाही. अशा अधांतरी अवस्थेत हे प्रकरण आठ वर्षे राहिले.

डेमोक्रॅटिक पक्षाने निवडले ते ग्रोव्हर क्लीव्हलंड यांना. तीन वर्षांपूर्वी या गृहस्थांचे नाव त्यांच्या बफेलो शहराबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. धंद्याने वकील, १८७१ ते १८७३ या काळात त्या जिल्ह्याचे शेरीफ, १८८२ मध्ये शहराचे महापौर, १८८३ पासून न्यूयॉर्क राज्याचे राज्यपाल. महापौर असताना रस्ते झाडण्याचे कंत्राट दुसऱ्या एका निविदेपेक्षा सुमारे एक लाख डॉलर महाग असूनही नगरसेवकांनी आपल्या मर्जीतल्या ठेकेदारास दिले होते. क्लीव्हलंड यांनी तो ठराव कडक शब्दांत फेटाळला आणि त्यांचे नाव झाले. राज्यपाल म्हणून त्यांनी स्वतःच्या पक्षातील दलालांनाही दुखविले. सार्वजनिक पद म्हणजे सार्वजनिक विश्वस्तपद, हे त्यांच्या प्रचाराचे ब्रीद होते.

शिकागोच्या अधिवेशनात त्यांची उमेदवारी ठरली, आणि दहाच दिवसांनी, २१ जुलै १८८४ रोजी, बफेलोतल्या एका सायंदैनिकाने त्यांच्यावर बॉम्बगोळा टाकला. मरायया हॅल्पिन नावाची एक विधवा, दोन मुलांची आई, बफेलोतल्या कापडाच्या दुकानात नोकरी करीत असे. तिला सप्टेंबर १८७४ मध्ये मुलगा झाला. तो क्लीव्हलंड यांचा, असे तिचे म्हणणे होते. मुलाचे नाव ऑस्कर फॉल्सम क्लीव्हलंड असे ठेवण्यात आले. ऑस्कर फॉल्सम हे क्लीव्हलंड यांच्या जिवलग मित्राचे नाव. क्लीव्हलंड यांनी मुलाच्या खर्चाचे पैसे दिले, पण तिच्याशी लग्न केले नाही. पुढे मुलाला अनाथाश्रमात ठेवण्यात आले, आणि १८७६ मध्ये आईला वेड्यांच्या इस्पितळात नेण्यात आले. तेथून ती थोड्याच दिवसांत बाहेर पडली. मूल मात्र तिला मिळाले नाही, ते दुसऱ्या घरी दत्तक गेले.

बफेलोतील मित्र घाबरून गेले. काय सांगावे, असे त्यांनी विचारले. क्लीव्हलंड यांनी तारेने उत्तर पाठविले की, काहीही झाले तरी खरे तेच सांगा. अमेरिकन राजकारणात हे उत्तर म्हणीसारखे होऊन बसले आहे. आपला त्या स्त्रीशी संबंध होता आणि मुलाची जबाबदारी आपण घेतली, एवढे त्यांच्या बाजूने कबूल करण्यात आले. मूल आपलेच याची त्यांना खात्री नव्हती, पण ओळखीतले इतर पुरुष विवाहित असल्याने यांनी ते ओझे उचलले, असेही त्यांचे पाठीराखे सांगू लागले. विरोधकांनी त्या बाळाच्या नावाने रस्तोरस्ती घोषणा दिल्या, व्यंगचित्रे काढली. पलीकडून ब्लेन यांच्या विवाहाची तारीख आणि पहिल्या अपत्याच्या जन्माची तारीख यांचा हिशेब इंडियानापोलिसच्या एका पत्राने मांडला. ब्लेन यांच्या घरगुती आयुष्यावरचे कागद कोणी क्लीव्हलंड यांच्याकडे विकायला आणले असता त्यांनी ते विकत घेऊन फाडले आणि जाळून टाकले, अशी हकीकत त्यांचे चरित्रकार सांगतात.

आता रिपब्लिकन पक्षातल्या सुधारणावाद्यांपुढे पेच पडला. कार्ल शुर्ट्‌स, जॉर्ज विल्यम कर्टिस, संपादक गॉडकिन, व्यंगचित्रकार नॅस्ट अशी ही नामांकित मंडळी होती. ब्लेन यांचे व्यवहार त्यांना सहन होत नव्हते म्हणून ती आपला पक्ष सोडून क्लीव्हलंड यांच्याकडे आली होती, आणि येऊन पाहतात तो इथे हे प्रकरण! त्यांच्यात एक युक्तिवाद पुढे आला, तो असा: क्लीव्हलंड यांचे सार्वजनिक आचरण निर्मळ आहे आणि खासगी सदोष, ब्लेन यांचे खासगी आयुष्य आदर्श आहे आणि सार्वजनिक आचरण सदोष. तेव्हा पहिल्याला त्याला शोभेल अशा सार्वजनिक पदावर बसवावे, आणि दुसऱ्याला त्याला शोभेल अशा खासगी आयुष्याकडे परत पाठवावे. युक्तिवाद चतुर खरा. तो पुरा आहे की नाही ते पुढे पाहू.

त्यातच सप्टेंबरमध्ये मलिगनकडची आणखी पत्रे प्रसिद्ध झाली. त्यांतले १८७६ मधले एक पत्र फार बोलके होते. ब्लेन यांनी त्या व्यापाऱ्याला लिहिले होते की, सोबतच्या मसुद्याप्रमाणे मला एक पत्र पाठवा. तो मसुदा म्हणजे ब्लेन यांच्या प्रामाणिकपणाचे प्रशस्तिपत्र, आणि ते लिहिले होते खुद्द ब्लेन यांनीच! पत्राच्या पाठीवर सूचना होती की, हे पत्र जाळून टाका. ते जाळले गेले नाही. आठ वर्षांपूर्वी सभागृहात पत्रे वाचून दाखविणाऱ्या माणसाने त्याच सुमारास काय दडविले होते, ते आता सर्व देशाला दिसले.

४ नोव्हेंबर १८८४ रोजी मतदान झाले. न्यूयॉर्क राज्यात अकरा लाखांहून अधिक मते पडली. त्यांत क्लीव्हलंड हजार-अकराशे मतांनी पुढे राहिले. तेवढ्यावर त्या राज्याची ३६ निर्वाचक मते त्यांना मिळाली आणि २१९ विरुद्ध १८२ अशा बहुमताने ते अध्यक्ष झाले. सत्याचा विजय झाला असे म्हणून येथे थांबण्याचा मोह होतो. पण इतिहासाच्या अभ्यासकाने तो आवरला पाहिजे. मतदानाच्या सहा दिवस आधी बर्चर्ड नावाच्या एका धर्मोपदेशकाने ब्लेन यांच्या समक्ष डेमोक्रॅटिक पक्षाची हेटाळणी करताना दारू आणि बंड यांच्या जोडीला कॅथलिक पंथाला बसविले. ब्लेन यांनी तत्काळ निषेध केला नाही, आणि न्यूयॉर्कचे आयरिश कॅथलिक मतदार बिथरले. त्याच रात्री ब्लेन धनाढ्यांच्या मेजवानीला बसले; तिची चित्रे वृत्तपत्रांतून मंदीने गांजलेल्या लोकांपुढे गेली. हजार-अकराशे मतांचे अंतर यांतल्या कोणत्याही एका कारणाने पडू शकले असते. तेव्हा १८८४ च्या मतदारांनी चारित्र्याचा निवाडा केला, असे ठामपणे म्हणता येत नाही. त्यांच्यापुढे तो निवाड्यासाठी आला होता, इतकेच निश्चित म्हणता येते.

या हकिकतीचे जे तात्पर्य रूढ झाले आहे ते असे: कबुली देणारा तरला, लपविणारा बुडाला, आणि खासगी दोषापेक्षा सार्वजनिक दोष मोठा. यात तथ्य आहे. ब्लेन यांनी जे केले ते सभापतीच्या आसनाच्या बळावर केले होते, आणि आता ते त्याहून मोठे आसन मागत होते. सोपविलेल्या अधिकाराचा पूर्वी उपयोग कसा केला, हे पाहिल्यावाचून नवा अधिकार कोणी सोपवू नये. आपण घरची तिजोरी दुकानातल्या नव्या मुनीमाच्या हाती देताना जी चौकशी करतो, तेवढी तरी राज्याची तिजोरी देताना करावी.

पण या तात्पर्यात एक व्यक्ती कोठेच बसत नाही, ती म्हणजे मरायया हॅल्पिन. सर्व वाद क्लीव्हलंड यांचे मित्र आणि क्लीव्हलंड यांचे शत्रू यांच्यात चालला होता. मित्रांनी तिला व्यसनी आणि सैल चालीची ठरविले. शत्रूंनी तिच्या अश्रूंचे भांडवल केले. ऑक्टोबरच्या अखेरीस तिच्या सहीचे प्रतिज्ञापत्र छापून आले. त्यात तिने म्हटले होते की, जे घडले ते आपल्या संमतीने घडले नाही, आपल्यावर बळजबरी झाली. कोणत्याही न्यायालयाने या आरोपाची कधी छाननी केली नाही, आणि मतदानाला तेव्हा जेमतेम आठवडा उरला होता. सुधारणावादी मंडळींनी ‘खासगी दोष’ असे जे नाव या प्रकरणाला दिले होते, ते त्यांनी बदलले नाही. ज्यांनी निवाडा करायचा त्या मतदारांत एकही स्त्री नव्हती. न्यूयॉर्क राज्यातल्या स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला तो १९१७ साली. हॅल्पिन १९०२ मध्येच वारली होती.

येथे तो चतुर युक्तिवाद अपुरा पडतो. एका निराधार स्त्रीला वेड्यांच्या इस्पितळात टाकणे आणि तिचे मूल तिच्यापासून तोडणे, हे जर एखाद्या माजी शेरीफाच्या आणि त्याच्या वजनदार मित्रांच्या दबावाने घडले असेल, तर त्याला खासगी म्हणावयाचे कसे? दोन माणसांच्या संमतीच्या संबंधात डोकावण्याचा मतदाराला काही अधिकार नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण बलवानाने दुर्बळावर केलेला अन्याय घराच्या चार भिंतींत झाला म्हणून तो खासगी होत नाही. सत्ता मागणाऱ्या माणसाने आपल्या हाती असलेले थोडे बळ कसे वापरले, हा सार्वजनिक प्रश्नच आहे. आणि ‘खरे सांगा’ या तारेने जे खरे बाहेर आले, ते क्लीव्हलंड यांना जेवढे सांगणे परवडत होते तेवढेच होते.

कबुली दिलेला मनुष्य पुढे लपवीत नाही, ही समजूतही टिकत नाही. क्लीव्हलंड १८८८ मध्ये हरले, १८९२ मध्ये पुन्हा निवडून आले. १८९३ साली देश आर्थिक अरिष्टात सापडला होता आणि चांदीच्या नाण्यांचा प्रश्न पेटला होता. अध्यक्ष सोन्याच्या बाजूचे, उपाध्यक्ष चांदीच्या बाजूचे मानले जात. अशा वेळी अध्यक्षांच्या टाळूला कर्करोगाची गाठ आढळली. १ जुलै १८९३ रोजी एका मित्राच्या नौकेवर, समुद्रातून जाता जाता, गुपचूप शस्त्रक्रिया करून त्यांच्या वरच्या जबड्याचा काही भाग काढण्यात आला आणि तेथे रबराचा कृत्रिम भाग बसविण्यात आला. लोकांना सांगितले गेले ते संधिवाताचे आणि दातदुखीचे. ऑगस्टअखेर एडवर्ड्‌स नावाच्या बातमीदाराने फिलाडेल्फियाच्या पत्रात खरी हकीकत छापली, तर त्यालाच खोटारडा ठरविण्यात आले. शस्त्रक्रियेत सहभागी असलेल्या एका डॉक्टरांनी ती सर्व हकीकत लिहिली १९१७ मध्ये. क्लीव्हलंड वारल्याला तेव्हा नऊ वर्षे झाली होती. हा आजार म्हणजे दुराचरण नव्हे. आणि बाजारात घबराट होऊ नये, हा हेतूही होता. परंतु ‘खरे सांगा’ म्हणणाऱ्या पुरुषानेच एका सच्च्या बातमीदाराची अब्रू जाऊ दिली, ही गोष्ट त्या जुन्या तारेशेजारी ठेवून वाचली पाहिजे.

मग निष्कर्ष काय? आमच्या मते या प्रश्नात दोन गोष्टींची गल्लत होते: कृत्य आणि त्याची लपवणूक. कृत्य काळाबरोबर जुने होते. माणूस पस्तीसाव्या वर्षी चुकतो आणि पन्नासाव्या वर्षी शहाणा झालेला असतो. त्याला जन्मभर त्याच खुंट्याला बांधून ठेवणारा समाज कोणालाच सुधारू देत नाही. पण लपवणूक जुनी होत नाही. उमेदवार ज्या दिवशी मत मागायला दाराशी येतो त्या दिवशी तो ती नव्याने करतो, आणि ती ज्याच्यापासून करतो तो मतदारच असतो. त्यामुळे, ‘जुनी गोष्ट आहे’ हे उत्तर कृत्याच्या बाबतीत कधी कधी पुरेसे होईल. लपवणुकीच्या बाबतीत ते कधीच पुरेसे नाही.

म्हणून मतदाराने तीन प्रश्न विचारावेत असे आम्हांस वाटते. पहिला, त्या कृत्यात कोणाला इजा झाली, आणि ती हाती असलेल्या बळाच्या जोरावर झाली काय? दुसरा, त्यानंतर या माणसाने काय केले: भरपाई केली, की मसुदे लिहून प्रशस्तिपत्रे मिळविली? तिसरा प्रश्न सर्वांत जास्त विसरला जातो: हे सर्व आपण कोणाच्या तोंडून ऐकत आहोत? उमेदवाराची कबुली ऐकून त्याचे कौतुक करण्याआधी, ज्याला इजा झाली त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. १८८४ मध्ये पहिले दोन प्रश्न ब्लेन यांना विचारले गेले. क्लीव्हलंड यांना ते अर्धवटच विचारले गेले. आणि तिसरा बहुतेकांनी विचारलाच नाही.

आपल्या देशात या बाबतीत मतदाराच्या हाती एक साधन आले आहे. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, उमेदवारावरील फौजदारी प्रकरणे, त्याची मालमत्ता आणि शिक्षण जाणून घेणे हा मतदाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. संसदेने कायदा दुरुस्त करून ही माहिती आवळण्याचा यत्न केला. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ते कलम रद्द ठरविले. २०१३ मध्ये, प्रतिज्ञापत्रातला रकाना कोरा सोडता येणार नाही असे ठरले. २०१८ मध्ये, आपल्यावरील प्रकरणे उमेदवाराने आणि त्याच्या पक्षाने वृत्तपत्रांतून जाहीर करावीत असा आदेश झाला. आणि २०२० मध्ये, असा उमेदवार का निवडला याची कारणे पक्षांनी द्यावीत असेही सांगण्यात आले. म्हणजे जे कागद १८७६ मध्ये मलिगनला पुडक्यात बांधून राजधानीला न्यावे लागले, त्यांतले काही तरी आता कायद्याने उमेदवारानेच मतदारापुढे ठेवावयाचे आहेत.

तथापि प्रतिज्ञापत्राला मर्यादा आहेत. जे पोलिसांत वा न्यायालयात पोचलेच नाही, ते त्यात येत नाही. हॅल्पिनसारखीची हकीकत कोणत्या रकान्यात बसणार? उलट, दाखल झालेले प्रत्येक प्रकरण खरेच असते असेही नाही; विरोधकाला अडकविण्यासाठी रचलेली प्रकरणेही आपण पाहिली आहेत. रकाना वाचायला लागतो आणि वाचून तोलावा लागतो. रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो, कारण नारायणरावांच्या खुनाबद्दल सत्ताधाऱ्याला त्याच्या तोंडावर दोषी म्हणण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. लोकशाहीत तो निवाडा एका न्यायाधीशावर सोपवून आपल्याला मोकळे होता येत नाही. न्यायालय कागद पुढे ठेवील. न्यायाधीशाच्या जागी मतदारालाच बसावे लागेल.

त्या जागेवर बसणाऱ्याने आपल्या पक्षाचा उमेदवार आणि परक्या पक्षाचा उमेदवार यांना एकच माप लावले पाहिजे. १८८४ मध्ये आपला पक्ष सोडून गेलेल्या त्या रिपब्लिकनांनी आपल्याच माणसाची पत्रे वाचली आणि त्यांचा अर्थ मान्य केला. हे त्यांचे मोठेपण होते. ज्याच्याकडे गेले त्याच्या बाबतीत मात्र त्यांनी तेवढ्याच कसोशीने पाहिले नाही. ही त्यांची उणीव होती. पुढच्या निवडणुकीत मतदानाला निघताना ही दोन्ही उदाहरणे आपल्याबरोबर असावीत, एवढीच आमची इच्छा आहे.